एआय कोणतं घ्यायचं ते नंतर ठरवा, आधी खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा

निपाणीच्या ताईंचा प्रश्न वाचला. सॉफ्टवेअर बनवणारी आठ जणांची टीम, कामं पतसंस्थांची आणि दोन शाळांची. कोड एका ठिकाणी, कामाची यादी एक्सेलमध्ये, उरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. आता कोड, तिकिटं (एकेका कामाची नोंद), विकी (टीमची माहितीची पानं), बिल्ड-डिप्लॉय (कोड तयार करून सर्व्हरवर चढवणं) आणि एआय असा सगळा संच एकाच कंपनीकडून घ्यावा का, आणि एआयचे पैसे आठही जणांसाठी भरावेत का, हे तुम्ही विचारलंय. आतापर्यंतची उत्तरं किमतीवर आणि कुठलं मॉडेल हुशार यावर आहेत. मी मात्र तुमच्या शेवटच्या ओळींतल्या एका वाक्यापाशी थांबलो: ‘सध्या खातं आमच्या सीनियरच्या जीमेलवर उघडलंय, कार्डही त्याचंच लावलंय, नंतर बदलू.’

ते वाचून पोटात गोळा आला. आमचंही अगदी हेच होतं.

आम्ही बेळगावात टिळकवाडीला, नऊ जण. सौहार्द संस्था (कर्नाटकातल्या एका प्रकारच्या सहकारी संस्था) आणि पतसंस्था हेच आमचं गिऱ्हाईक, काही बेळगाव-खानापूरच्या, काही पलीकडे चंदगड-गडहिंग्लजच्या. संच कोणता होता ते सांगत नाही, कारण ही चूक कुठल्याही संचावर होऊ शकते. आमच्या सीनियरनं तो आपल्या जीमेलवर सुरू केला, स्वतःचं क्रेडिट कार्ड लावलं. दर महिन्याला आम्ही त्याला पैसे पाठवायचो. मुलगा सरळ आणि कामाला चोख. पुढं त्याला जर्मनीत नोकरी लागली, आम्ही आनंदानं निरोप दिला. मालकी बदलायची राहिली. कार्ड चालू होतं, पैसे कटत होते, त्यामुळं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग आम्ही एआय घेतलं, सगळ्या नऊ जणांसाठी. महिन्याचं बिल बारा हजारांच्या आसपास होतं, ते सतरा हजारांवर गेलं. इथंच गाडी रुतली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप कटणारी रक्कम १५,००० रुपयांपर्यंत असेल तर दर वेळी ओटीपी लागत नाही. आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. त्यापुढं गेलात की प्रत्येक हप्त्याला ओटीपी. तो ओटीपी जाणार सीनियरच्या जुन्या भारतीय नंबरवर, आणि तो नंबर त्यानं तिकडं गेल्यावर बंद केलेला. पैसे कटले नाहीत. आठवणीच्या मेल त्याच्या जीमेलवर. जुन्या मोबाईलवरचा ओटीपी मिळेना म्हणून त्या जीमेलात त्याला स्वतःलाही शिरता येईना.

हे २०२४ च्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. पतसंस्थेत काम केलेल्याला ३१ मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. त्या सकाळी आमच्या टीममधल्या मुलीनं व्याजाच्या दुरुस्तीचा बदल वर चढवला आणि पाइपलाइनचं, म्हणजे बदल आपोआप तपासून सर्व्हरवर नेणाऱ्या साखळीचं, ते गोल चक्र ‘पेंडिंग’वर फिरत राहिलं. तिला वाटलं नेट गेलं. पंधरा मिनिटांनी वर पिवळी पट्टी आली की खातं थांबवलं आहे, मालकाशी संपर्क साधा. मालक आम्हीच आहोत असं आम्हाला वाटत होतं.

आता त्या कंपनीच्या मदत-कक्षाबद्दल. पहिलं उत्तर यंत्राचं, तीन लेखांच्या लिंका देऊन. दुसरं उत्तर दोन दिवसांनी: ‘आपण खात्याचे मालक नाही, सुरक्षेच्या कारणास्तव चर्चा करता येणार नाही.’ नियम बरोबर आहे, उद्या कुणीही उठून दुसऱ्याचं खातं मागेल. पण मी बिलं पाठवली, बँकेचे उतारे पाठवले, सीनियरचं सहीचं पत्र पाठवलं, आणि दर वेळी नवं नाव, नवा माणूस, पहिल्यापासून तोच प्रश्न. आधीच्यानं काय विचारलं हे पुढच्याला माहीत नाही. स्वतःच तिकिटांचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडं हे व्हावं याचा राग आजही जात नाही.

शेवटी म्हणाले, कंपनीचं डोमेन (वेबसाईटचं आणि मेलचं नाव) तुमचंच आहे हे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींत, एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक ओळ) टाकून दाखवा. पाच मिनिटांचं काम. पण डोमेन घेतलेलं होतं आमची वेबसाईट करणाऱ्या माणसाच्या खात्यावर, आणि त्यानं तो धंदा सोडलेला. त्याला शोधून काढण्यात आठ दिवस गेले. सगळं मिळून एकोणीस दिवस.

कोड वाचला, हे मुद्दाम सांगतो. २००५ साली लायनस टोरवाल्ड्सनं गिट (कोडमधले बदल सांभाळणारं साधन) बनवलं ते याच घडणीचं, प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहासासकट प्रत असते. कोडची प्रत उतरवलेल्या नऊ लॅपटॉपवर सगळा कोड होता. अडकलं ते बाकीचं. सर्व्हरचे पासवर्ड पाइपलाइनच्या लपवलेल्या व्हेरिएबलमध्ये होते, आणि ते एकदा भरले की स्क्रीनवर परत दिसत नाहीत. दर संस्थेत जाऊन सर्व्हरमध्ये शिरायच्या नव्या किल्ल्या बनवल्या. चंदगडला मी स्वतः रात्री गेलो, तिथले मॅनेजर चहा घेऊन थांबले होते.

आणि तिकिटांवरच्या टिपा. एका संस्थेचं व्याज आम्ही पन्नास पैशांखाली सोडून देतो, ते का, हे कोडमध्ये कुठं लिहिलेलं नव्हतं. सीनियरनं तिकिटावर एका ओळीत लिहिलं होतं, ‘चेअरमन म्हणाले, सभेत ठराव झालाय’, खाली ठरावाचा फोटो. त्या आठवड्यात नव्या मुलानं ती ‘चूक’ समजून दुरुस्त केली, आणि शाखेची बेरीज जुळेना.

असाच संच विकणाऱ्या गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलंय, जरूर वाचा. चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, बॅकअपच्या बऱ्याच वाटा ऐन वेळी चालल्या नाहीत, आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यातही लोकांचे कोडचे साठे शाबूत राहिले, गेले ते तिकिटं आणि टिपा. म्हणून मी बॅकअप म्हटलं की आधी तिकिटांबद्दल विचारतो.

तर ताई, माझं मत. दहाच्या आतली टीम असेल तर एकच संच घ्या. एआयचा खरा उपयोग तिथंच होतो, कारण त्याला कोड, तिकीट आणि विकी एकत्र वाचायला मिळतं. हा बदल का केला असं विचारलं की ते तिकिटावरची ओळ काढून दाखवतं. नुसत्या कोडवरून ते अंदाज बांधतं, आणि तो अंदाज ठासून सांगतं. याला विरोध करणारे जाणकार इथं आहेत, त्यांचंही ऐका. वेगवेगळी साधनं ठेवली तर एक बंद पडल्यानं सगळं थांबत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

पण पैसे भरायच्या आधी: मालकी कंपनीच्या डोमेनवरच्या मेलवर, आणि मालक दोन, त्यातला एक भागीदार. कार्ड फर्मचं, त्याचा ओटीपी ऑफिसात राहणाऱ्या माणसाच्या मोबाईलवर. बिल १५,००० च्या पुढं जाणार असेल तर वर्षाचे पैसे एकदम भरता येतात का ते विचारा, म्हणजे ओटीपी वर्षातून एकदाच. डोमेन कुणाच्या खात्यावर आहे ते आजच बघा, हे मी हात जोडून सांगतो. आणि महिन्यातून एकदा तिकिटं एपीआयनं (प्रोग्रामनं डेटा मागवायच्या सोयीनं) बाहेर काढून ती फाइल खरंच उघडून बघा की त्यात टिपा आणि फोटो आलेत का. आमच्या पहिल्या फाइलीत फोटो आलेच नव्हते, फक्त लिंका होत्या.

जीएसटीचंही तिथंच बघा. आमच्या सीनियरनं स्वतःचा चंदगडचा पत्ता टाकला होता, म्हणजे महाराष्ट्र, आणि फर्मचा २९ नं सुरू होणारा कर्नाटकचा जीएसटी नंबर कुठंच नव्हता. परदेशी कंपनीनं १८ टक्के कर लावून व्यक्तीच्या नावानं बिल दिलं, त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) आम्हाला मिळालं नाही. नंबर दिला तर रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं कर भरायच्या पद्धतीनं, हिशेब वेगळा होतो. मी सीए नाही, तुमच्या सीएंना विचारूनच करा.

एआय आठही जणांना नको. आम्ही आता तिघांनाच ठेवलंय: एक जुनी मुलगी जी बाकीच्यांचा कोड तपासते (रिव्ह्यू), आणि दोन जण ज्यांना जुना कोड वाचावा लागतो. अगदी नवीन मुलांना पहिले सहा महिने देत नाही. ती समजून न घेता स्वीकारतात असा माझा अनुभव आहे, तुमचा वेगळा असू शकतो.

एक सीमाभागाची गोष्ट सांगतो. आपल्याकडं तिकिटावर लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, मध्ये कन्नड. आमच्या एकानं लिहिलं होतं ‘बाकी नंतर बघू’, म्हणजे उरलेलं काम नंतर. एआयनं सारांशात लिहिलं की थकबाकीची तपासणी पुढं ढकलली आहे, आणि तो सारांश थेट संस्थेच्या सेक्रेटरींकडं गेला. त्यांचा फोन आला तेव्हा कळलं. कन्नडमध्येही बाकी म्हणजे येणं. तेव्हापासून गिऱ्हाइकाकडं जाणारा सारांश आमच्याकडं माणूस वाचतो, आणि टिपा मराठीत लिहायच्या तर देवनागरीत.

सभासदांची नावं, आधार, खाते क्रमांक तिकिटावर चिकटवू देऊ नका. ज्याला तिकीट दिसतं त्याच्यासाठी एआय ते शोधून देतं, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर संस्था त्याबद्दल विचारू लागल्यात.

तुमचा सीनियर अजून तुमच्याकडं आहे ना? मग उद्याच त्याच्या शेजारी बसून मालकी बदलून घ्या, तो समोर असताना नव्या मालकानं एकदा बाहेर पडून पुन्हा आत शिरून बघा. तिकिटं बाहेर काढायची आमची छोटी स्क्रिप्ट आहे, संचाचं नाव मला वैयक्तिक निरोपात कळवा, त्याला चालेल अशी करून पाठवतो.