सगळे खंड एकेकाळी एकत्र होते, मग ते एकमेकांपासून दूर कसे गेले?

खंड समुद्रावर तरंगत गेले, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. पृथ्वीचं कवच आणि त्याखालचा कठीण थर मिळून मोठमोठे भूपट्ट बनतात. खंड आणि समुद्राचा तळ दोन्ही त्यांचाच भाग असल्यामुळे पट्टासोबत तेही सरकतात.

सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी पँजिया हा महाखंड फाटू लागला. उत्तरेकडे लॉरेशिया, दक्षिणेकडे गोंडवाना. भेगांतून वर आलेला शिलारस थिजून नवा समुद्रतळ बनत गेला आणि त्यातून अटलांटिक महासागर उघडला. तो आजही वर्षाला साधारण अडीच सेंटीमीटर रुंदावतोय, म्हणजे आपली नखं वाढतात जवळपास त्याच वेगाने! अनेक पट्टांच्या दुसऱ्या टोकाला जुना, थंड, जड झालेला तळ पृथ्वीच्या पोटात बुडतो आणि अख्खा पट्ट आपल्यामागे ओढून नेतो. माझ्या मते हे ओढणं नीट समजलं की अर्धं कोडं सुटतं.

भारताची कहाणी सर्वांत वेगवान. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी तो मादागास्करपासून सुटला, काही काळ वर्षाला १५ सेंटीमीटरहून जास्त वेगाने उत्तरेकडे सरकला आणि साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. हिमालय त्यातूनच उभा राहिला.

जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्येच खंडवहनाची कल्पना मांडली होती. मेसोसॉरस या गोड्या-मचूळ पाण्यातल्या सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका दोन्हीकडे सापडतात. एवढा महासागर तो पोहून गेला असेल, हे पटत नाही. पण खंड हलवणारं बळ वेगेनरना सांगता आलं नाही, म्हणून बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ती कल्पना उडवून लावली. समुद्रतळाचे पुरावे मिळाल्यावर, १९६० च्या दशकात, ती मान्य झाली.