उतरवलेली चित्रं कोठारात जाऊ दे, भंगारात नको

अमळनेर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कलादालनावर नवं मंडळ आलं आणि आधीच्या मंडळाने घेतलेली चित्रं उतरवायला सांगितली, याचा तुला आनंद झालाय. साहजिक आहे. त्यातली बरीचशी सुमारच आहेत. पण एकही फ्रेम दालनाबाहेर जाऊ देऊ नकोस.

पोलंडमधलं वूच (नकाशावर लोड्झ) हे आपल्या अमळनेरसारखंच कापडगिरण्यांवर वाढलेलं शहर, फक्त कितीतरी मोठं. चित्रकारांनी युरोपभरच्या मित्रांकडून मागून जमवलेला आधुनिक कलेचा संग्रह तिथल्या संग्रहालयात १९३१ साली लोकांना खुला झाला. जमवणाऱ्यांत एक होता स्त्शेमिन्स्की. पहिल्या महायुद्धात एक हात, एक पाय गमावलेला. १९४८ साली त्याने तिथे एक खोली सजवली. भिंतींवर लाल, पिवळे, निळे, करडे आयत आणि त्यांच्यामध्ये कातार्झिना कोब्रोची शिल्पं. दोनच वर्षांत सरकारला समाजवादी वास्तववादाशिवाय, म्हणजे कामगार आणि राज्य यांचा गौरव करणाऱ्या हुबेहूब चित्रांशिवाय, दुसरं काही चालेनासं झालं. खोली मोडली, त्याची शिकवण्याची नोकरीही गेली. १९५२ साली तो वारला. पुढे सरकारी पकड सैल झाल्यावर, १९६० मध्ये, त्याचा शिष्य बोलेस्लाव उत्किन याने ती खोली पुन्हा उभी केली. कलाकृती कोठारात शाबूत होत्या म्हणून जमलं, पोरी!

२०२३ च्या अखेरीस पोलंडमध्ये पुन्हा सरकार बदललं. वॉर्सातल्या झाखेंता या राष्ट्रीय कलादालनाचा आधीच्या सरकारने नेमलेला संचालक हटवला. खुर्चीवरचा माणूस तर कुणीही बदलतं. पण २०२४ मध्ये नवी संचालक खुल्या निवडप्रक्रियेतून आली, ते तू मंडळाला सांग. चित्रखरेदीसाठीही तसाच लेखी नियम हवा. समितीत कोण, किती वर्षं, मतभेद झाला तर तो कुठे नोंदवायचा, सगळं ठरावात येऊ दे. आज तुझ्या आवडीची माणसं आहेत, म्हणून आजच करून घे. उद्या ती नसतील.

आता हाताचं काम. प्रत्येक चित्र उलटं करून पाठ बघ. चिकटवलेली चिठ्ठी, शिक्का, पेन्सिलीतली तारीख, जे असेल त्याचा फोटो काढ. चौकटीच्या सांध्यात वाळवीची माती दिसली तर ते चित्र वेगळं ठेव. नोंदवहीत क्रमांक, चित्रकार, माध्यम, मापं, किंमत आणि कोणत्या ठरावाने घेतलं ते लिही. 'का उतरवलं' याचाही रकाना आख. चित्रं जमिनीवर नकोत, लाकडी फळ्यांवर उभी ठेव, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून. पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथे रंगाला भेगा पडतील.

रिकाम्या भिंतींवर काय लावायचं, याची मला तितकी काळजी नाही. तुझी नजर चांगली आहे.

बैठक पोळ्याच्या आधी आहे म्हणतेस, तर ठरावाचा मसुदा याच आठवड्यात पाठव. मी वाचून दुरुस्त्या कळवतो.

तुझे,
सर