पेनड्राइव्हमधली करप्ट फाइल काही केल्या डिलीट होत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये गावच्या जत्रेचे फोटो आहेत, त्यात चौकोन आणि भलत्याच खुणांच्या नावाच्या दोन फाइली दिसायला लागल्यात, आणि डिलीट केलं की ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ येतं. त्या फाइलींच्या मागे आत्ता लागू नका. आधी फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, सगळे.

मी बेळगावात शहापूरला डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर मांडून द्यायचं काम करतो. मराठी-कानडी पत्रिकांसाठी गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन येतात, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ असतो, म्हणजे फाइली मांडून ठेवायची ती एक पद्धत. कोणती फाइल कुठे ठेवलीय याची त्यात एक यादी असते. कॉपी चालू असताना लाइट गेली किंवा कुणी पेनड्राइव्ह उपसला, की यादी बिघडते. त्या बिघडलेल्या जागेतला कचरा विंडोज फाइल म्हणून दाखवतं. तिथे फाइलच नाही, मग डिलीट काय होणार? म्हणून अनलॉकर वगैरे अडलेली फाइल सोडवणारे प्रोग्रॅम उतरवून काही उपयोग नाही. ते ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असं येतं तेव्हाचं काम, आणि तिथेही नुसतं रीस्टार्ट बहुतेक वेळा पुरतं.

फोटो उतरले की ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. यादी दुरुस्त होते, खोट्या फाइली जातात.

पण क्रम चुकवू नका. धंद्याच्या पहिल्या वर्षी खानापूरच्या एका काकांचा पेनड्राइव्ह मी कॉपी न करता थेट चेकला लावला. त्यात मुलीच्या हळदीचे फोटो होते, तो फोल्डरच नाहीसा झाला. शोधल्यावर ‘फाउंड’ नावाचा लपलेला फोल्डर सापडला, त्यात नुसत्या सीएचके फाइली, म्हणजे चेकला सापडलेले बेवारशी तुकडे. एकेकीचं एक्स्टेन्शन बदलून जेपीजी केलं. बरेच फोटो उघडले, काही खालून अर्धे करडे. काका काही बोलले नाहीत, पण ते करडे फोटो मला अजून दिसतात.

चेक झाल्यावर पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, ‘क्विक’ची खूण काढून. वेळ लागतो, लागू दे. नंतर परत तशाच फाइली दिसल्या तर तो फेकून द्या, थोड्या पैशांसाठी जत्रेचे फोटो घालवू नका.

आणि कॉपी एखाद्या फोटोवर अडकली तर तो सोडून पुढचे घ्या, कुठे अडकली ते इथं लिहा की, मी बघतो.