वाचक विचारतात

प्रश्न : आमच्या विरार लोकलच्या ग्रुपात वाद पेटलाय. वसईचा मित्र बायबल ईश्वरप्रेरित मानतो. मीरा रोडचा म्हणतो, बायबल बदललं, कुराणाचं अक्षरही नाही. खरं कोणाचं?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : गिरगावातल्या छापखान्यात मी आयुष्यभर प्रुफं तपासली, म्हणून फक्त प्रतींबद्दल बोलतो.

बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या 12 ओव्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत नाहीत. हे काही लपवलेलं नाही. वसईकराला आपल्याच बायबलातल्या तळटिपा वाचायला सांगा.

बर्मिंगहॅममधल्या कुराणाच्या पानांचं चर्मपत्र कार्बन चाचणीत 568 ते 645 या काळातलं निघालं. फार जुनं! (वय कातड्याचं, शाईचं नव्हे, हे मुद्रितशोधकाला खुपतंच.) पण 1972 मध्ये येमेनच्या साना शहरातल्या मशिदीत सापडलेल्या कुराणाच्या एका चर्मपत्रावर, खरवडलेल्या खालच्या मजकुरात काही शब्द आजच्या कुराणापेक्षा वेगळे आहेत. आणि आजही कुराणाच्या पहिल्या अध्यायात, ‘फातिहा’त, हफ्स या वाचनपरंपरेच्या पाठात ‘मालिक’, म्हणजे धनी. वर्श या दुसऱ्या परंपरेच्या पाठात ‘मलिक’, म्हणजे राजा. एका कान्याचा फरक! मुस्लिम परंपरा दोन्ही पाठ प्रमाण मानते.

खरी मेख वेगळीच. बहुतेक ख्रिस्ती मानतात, प्रेरणा देवाची, लेखणी माणसाची. मुस्लिमांसाठी शब्दच अल्लाहचा. म्हणजे तुमचे मित्र दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घालताहेत. शब्द देवाचा की नाही, हे कुठल्याही प्रयोगशाळेत कळत नाही, माझ्या लाल पेनाला तर नाहीच.