प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर भाजीपाला घ्यावा का? शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

हवेली आणि दौंड तालुक्यांतील कालव्याच्या लाभक्षेत्रातून आलेले प्रश्न थोड्याफार फरकाने एकाच चिंतेतून विचारलेले आहेत. पुणे शहराचे सांडपाणी प्रक्रियेनंतर मुळा-मुठेत जाते, मुंढवा येथील जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात सोडले जाते, आणि त्या पाण्यावर ऊस, कांदा, फुले व भाजीपाला अशी पिके उभी आहेत. या पाण्यावर पालेभाज्या घ्याव्यात का, पाण्याला वास नसेल तर जंतू नाहीत असे समजावे का, शेततळ्यात ब्लीचिंग पावडर टाकून चालेल का आणि कालव्याकाठच्या विहिरीचे पाणी प्यावे का, असे विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पिकावर अवलंबून आहे. ऊस, चारा आणि फुले यांना हे पाणी देण्यास जंतूंच्या दृष्टीने फारशी हरकत नाही, मात्र चाऱ्याला पाणी दिल्यानंतर काही दिवस थांबून कापणी करावी. वांगी, भेंडी, दोडका या शिजवून खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या काळजी घेऊन घेता येतील. परंतु कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, बीट, कांद्याची पात आणि कोशिंबिरीत जाणारा टोमॅटो यांना काढणीच्या आधीच्या काळात हे पाणी देऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मेथी आणि पालक आपण शिजवतो, तरी चिरताना त्यांच्यावरचे जंतू विळीला, हाताला आणि शेजारच्या कच्च्या पदार्थाला लागतात, म्हणून त्यांनाही हाच नियम लावावा.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. कच्च्या सांडपाण्यात दर 100 मिलिलिटरला विष्ठेतील कोलिफॉर्म जीवाणूंची संख्या 10 लाखांपासून 10 कोटींपर्यंत असू शकते. नेहमीच्या जैविक प्रक्रियेत त्यातील 90 ते 99 टक्के कमी होतात. म्हणजे सुरुवातीला एक कोटी असतील, तर 99 टक्के गेल्यावरही एक लाख उरतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2017 च्या अधिसूचनेनुसार प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ही संख्या 1000 पेक्षा कमी असावी लागते, आणि तेवढी कमी करण्यासाठी पुढे क्लोरीन किंवा अतिनील किरणांचा टप्पा नीट चालावा लागतो. पाणी गढूळ असेल किंवा त्यात अमोनिया जास्त असेल, तर क्लोरीन जंतूंपर्यंत पोहोचण्याआधीच खर्ची पडतो. शिवाय केंद्रापासून तुमच्या बांधापर्यंतच्या वाटेत एखादा नाला किंवा वस्तीचे गटार मिसळले, की आधीच्या प्रक्रियेचा लाभ तेथेच संपतो. म्हणून केंद्राच्या अहवालापेक्षा तुमच्या पाटातील पाण्याची तपासणी अधिक महत्त्वाची आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पाण्याचा अहवाल हातात घेऊन अनेक जण निश्चिंत होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात सिंचनाचे पाणी ‘ई’ वर्गात येते आणि त्या वर्गाचे निकष सामू (पीएच), विद्युत वाहकता (क्षारांचे प्रमाण), सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन एवढेच आहेत. जीवाणूंची मर्यादा त्यात नाही. त्यामुळे ‘सिंचनास योग्य’ असा शेरा असलेले पाणी पिकाला आणि जमिनीला चालेल एवढेच सांगते, ती भाजी कच्ची खाणाऱ्या मुलाला ते चालेल की नाही याबद्दल काहीच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी दर 100 मिलिलिटरला 1000 कोलिफॉर्म आणि दर लिटरला पोटातील जंताचे जास्तीत जास्त एक अंडे अशी मर्यादा सुचवली होती. तपासणी करताना हीच कसोटी धरावी.

ही भीती अनाठायी नाही. चिली देशातील सांतियागो शहरात सांडपाण्यावर वाढवलेल्या भाज्यांमुळे वर्षानुवर्षे विषमज्वर (टायफॉइड) पसरत होता. 1991 मध्ये कॉलरा आल्यावर सरकारने अशा पाण्यावर कच्च्या खाण्याच्या भाज्या घेण्यास बंदी केली, आणि त्यानंतर विषमज्वराचे रुग्णही झपाट्याने कमी झाले.

पाण्याचा वास, रंग किंवा फेस यांवरून जंतूंचा अंदाज बांधू नये. नितळ पाण्यातही विषमज्वराचे, आमांशाचे आणि कॉलऱ्याचे जीवाणू असू शकतात. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत कोलिफॉर्मची तपासणी करून घ्यावी. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, बर्फाच्या पेटीत ठेवावा आणि त्याच दिवशी पोहोचवावा. उन्हाळ्यात नदीला स्वतःचा प्रवाह नसताना आणि पहिल्या पावसानंतर, असे निदान दोन नमुने घ्यावेत.

ज्यांना दुसरे पाणी उपलब्धच नाही, त्यांनी पाणी खाण्याच्या भागाला लागणार नाही अशी व्यवस्था करावी. तुषार सिंचन पूर्णपणे टाळावे, कारण त्यात पाणी थेट पानांवर पडते. ठिबकने जमिनीलगतच्या पिकावरील जंतू सुमारे 99 टक्के कमी होतात आणि मांडवावरच्या किंवा उंच पिकावर त्याहूनही अधिक. सोबत आच्छादन असेल तर मातीचे शिंतोडेही उडत नाहीत. मुळा आणि गाजर जमिनीतच वाढतात, त्यामुळे त्यांना ठिबकचा हा लाभ मिळत नाही. शेवटच्या पाळ्या तपासलेल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याच्या द्याव्यात. कोरड्या, कडक उन्हात पानांवरील जीवाणू झपाट्याने मरतात, ढगाळ हवेत मात्र बरेच टिकतात, आणि जंताची अंडी तर मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. औषध फवारणीचे द्रावणही स्वच्छ पाण्यातच करावे.

काढलेला मुळा, गाजर किंवा कोथिंबिरीच्या जुड्या कालव्यात बुचकळून धुण्याची पद्धत तर तातडीने थांबवावी. बाजारात माल ताजा दिसावा म्हणून हे केले जाते, पण त्यामुळे आधीची सर्व खबरदारी वाया जाते.

शेततळ्यात ब्लीचिंग पावडर टाकू नये. गाळ, शेवाळ आणि ऊन यांमुळे क्लोरीन लवकर निघून जातो, मासे मरतात आणि जंतू पुरेसे मरत नाहीत. त्याऐवजी पाणी आठवडाभर स्थिर ठेवावे, म्हणजे जंताची अंडी तळाशी बसतात आणि जीवाणूंची संख्याही घटते. उपशाचा फूटव्हॉल्व्ह तळाला न ठेवता तरंगत्या पिंपाला बांधून वरचे पाणी घ्यावे.

कालव्याकाठच्या विहिरीत पाझराचे पाणी येते, म्हणून तपासणीशिवाय ते पिण्यास वापरू नये. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतील जीवाणू एकही आढळता कामा नये. जीवाणू आढळल्यास आणि दुसरी सोय होईपर्यंत पाणी उकळून प्यावे, किंवा पाणी स्वच्छ असल्यास 1000 लिटरला सुमारे 2.5 ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर मिसळून किमान एक तास थांबावे. नायट्रेटची तपासणीही सोबत करावी, कारण ते उकळून किंवा ब्लीचिंगने जात नाही.

पाणी देणाऱ्या आणि खुरपणी करणाऱ्या महिला-पुरुषांना गमबूट व हातमोजे देणे शेतमालकाचे काम आहे, कारण अंकुशकृमी हा आतड्यातील जंत अनवाणी पायांतून शरीरात शिरतो. जेवणापूर्वी साबणाने हात धुण्यासाठी शेतावर स्वच्छ पाण्याचा वेगळा हंडा ठेवावा. तीन दिवसांहून अधिक ताप राहिला किंवा शौचातून रक्त पडले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण सांडपाण्याच्या कालव्यावर काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.