‘वेड्यांचं इस्पितळ’ की ‘मनोरुग्णालय’?

प्रश्न असा आहे: १९३५ सालच्या ठाण्यात घडणाऱ्या कथेत ‘मनोरुग्णालय’ हा शब्द चालेल का? आणि ‘मानसिक रुग्णालय’ म्हटलं तर?

पात्रांच्या तोंडी ‘मनोरुग्णालय’ नको. त्या काळी बोलण्यात ‘वेड्यांचं इस्पितळ’च शोभेल. यातलं ‘इस्पितळ’ पोर्तुगीजांकडून आलेलं, ‘वेडा’ आपला घरचा. खरं तर ठाण्यातल्या माणसाला एवढंही बोलावं लागत नसेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं हे इस्पितळ उभं राहिलं आणि मुंबईकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ एवढ्यानंच काम भागू लागलं. पुण्याकडे तेच येरवड्याचं. तिथं तुरुंगही असल्यामुळे नेमकं कुठं पाठवायचंय ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचं!

कागदोपत्री मात्र जपून. १८५८ च्या कायद्यात ‘ल्युनॅटिक असायलम’ होतं. ल्युनॅटिक म्हणजे चंद्रामुळे चळलेला. असायलम म्हणजे आसरा. मराठीनं हा आसरा कधी उचललाच नाही, आणि आतली परिस्थिती पाहता ते बरंच झालं. १९२० नंतर देशभर असायलमच्या पाट्या उतरून ‘मेंटल हॉस्पिटल’ लागलं. त्यामुळे १९३५ च्या दाखल्यावर ‘मेंटल हॉस्पिटल’ लिहा. गंमत अशी, की रुग्णाला आत घेणारा कायदा १९१२ चा ‘ल्युनसी अॅक्ट’च होता. पाटीवर हॉस्पिटल, पण नातेवाइकांनी आणलेल्या माणसालाही दाखल करायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. कथेत हा हुकूम जरूर आणा, नुसत्या शब्दापेक्षा त्यानं काळ जास्त उभा राहील. तो कायदा जाऊन १९८७ चा आला, त्याचीही अंमलबजावणी १९९३ मध्ये. आणि आता २०१७ चा आहे.

‘मनोरुग्णालय’ व्याकरणानं चोख आहे: मनस् अधिक रुग्ण, ‘मनोरथ’सारखाच संधी, पुढे आलय. आज ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चारही ठिकाणी सरकारी नाव ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ असंच आहे. ‘मानसिक रुग्णालय’ सर्रास लिहितात, पण मला ते खटकतं. त्यात ‘मानसिक’ हे विशेषण इमारतीला चिकटतं, म्हणजे मनातल्या मनात बांधलेलं रुग्णालय!

आणि निवेदक आजचा असेल, तर त्यानं खुशाल ‘मनोरुग्णालय’ म्हणावं. पात्रांनी बोलताना ते टाळलं की झालं.