पतसंस्थेचं कर्ज काढून सर्टिफिकेट करू का?

प्रश्न : ताई, मी बार्शीचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. दीड वर्षापासून खराडीत डेस्कटॉप सपोर्टला आहे. हातात १६ हजार येतात, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. मला क्लाउडमध्ये जायचंय. डेक्कनजवळच्या एका क्लासने ९५ हजारांत सहा सर्टिफिकेशन आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगितलंय. वडील गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढायला तयार आहेत. काढू देऊ का? माझं इंग्रजी कच्चं आहे, याचीही भीती वाटते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नको. कर्ज काढू देऊ नकोस.

वडिलांचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडे गावोगाव सर्टिफिकेट म्हणजे एमएस-सीआयटी. २००१ पासून तो कोर्स घराघरांत पोचला आणि सरकारी भरतीत तो कागद नसला की अडतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. पण तिथे तो नियम आहे. आयटीत असा नियम नाही. इथे कागद एवढंच सांगतो की अमुक दिवशी या माणसाला इतकं येत होतं. ते खरं किती, हे समोर बसलेल्याला दहा मिनिटांत कळतं.

मी गेली अकरा वर्षं मुलाखती घेते, म्हणून आतली बाजू सांगते. कागदाला किंमत नक्की आहे. एचआरकडे अर्जांचा ढीग येतो, तो चाळताना ओळखीचं सर्टिफिकेट दिसलं की अर्ज बाजूला निघतो. दुसरं कारण बाहेर फारसं कुणी बोलत नाही. सेवा देणाऱ्या कंपन्यांना एडब्ल्यूएससारख्यांकडे (ॲमेझॉनची, इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणारी क्लाउड सेवा) पार्टनर म्हणून वरची पायरी हवी असेल, तर आपल्याकडे प्रमाणित माणसं किती आहेत हे दाखवावं लागतं. तिथे तुझ्या कागदाची मोजणी होते. पण ही सगळी दारापर्यंतची गोष्ट झाली.

दाराच्या आत काय होतं ते ऐक. मी एक प्रश्न नेहमी विचारते : सर्व्हर चालू आहे, पण साइट उघडत नाही, कुठून बघशील? एका मुलाकडे पाच सर्टिफिकेट होती. तो सर्व्हिसेसची नावं घडाघडा म्हणत राहिला. फलटणची एक मुलगी आली होती, तिच्याकडे एकच. ती मार्कर घेऊन उठली. नाव बरोबर आयपीला जातंय का, पोर्ट उघडा आहे का, सिक्युरिटी ग्रुपने, म्हणजे क्लाउडमधल्या फायरवॉलने, अडवलंय का, आत सर्व्हिस ऐकतेय का, अशी एकेक पायरी फळ्यावर लिहीत गेली. शेवटी म्हणाली, "मॅडम, डिस्क भरली असेल तरी असं होतं, माझ्याकडे झालं होतं." ते 'माझ्याकडे झालं होतं' ऐकलं आणि मी तिला घ्यायचं ठरवलं.

माझंच सांगते. रेड हॅट ही सर्व्हरवर चालणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी. २००९ साली तिच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. सर्व्हिस सुरू केली होती, चालतही होती. पण मशीन रीबूट झाल्यावर ती आपोआप उठेल अशी व्यवस्था केली नव्हती. त्या परीक्षेत रीबूटनंतर जे टिकत नाही त्याला गुण नाहीत. घरी येऊन रडले, पैसे गेले होते. मग महिनाभर रोज रात्री तेच केलं : बदल करायचा, रीबूट करायचं, पुन्हा तपासायचं. दोन वर्षांनी ऐन दिवाळीत आमच्याकडे वीज गेली आणि सगळे सर्व्हर एकदम बंद पडले. वीज आली तेव्हा मी लावलेली मशीन कुणी हात न लावता उठली. सर्टिफिकेटने मला दिलं ते हे. कागदाची मुदत तर केव्हाच संपली.

म्हणून आधी लिनक्स. जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाक (एका मशीनमध्ये दुसरी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात अल्मालिनक्स या लिनक्सची दोन मशीन कर, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. रेड हॅटच्या आरएचसीएसए या सुरुवातीच्या परीक्षेत काय-काय विचारतात ती यादीही उघडी आहे, तीच समोर ठेव. परीक्षा नाही दिलीस तरी चालेल. कर्वेनगर ते खराडी बसमध्ये वाचून होईल, पण हात बसायला रात्री मशीनसमोरच बसावं लागतं. काय बिघडलं आणि कसं सुटलं, ते वहीत लिही. मुलाखतीत तीच वही बोलेल.

चारेक महिन्यांनी एडब्ल्यूएस. खरी परीक्षा सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट, १५० डॉलर. क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरची आहे, तिच्यावर नोकरी मिळणार नाही. तरी तुला ती आधी दे म्हणेन. ती पास झालास की पुढच्या परीक्षेला निम्मी सवलत मिळते, म्हणजे दोन्ही मिळून १७५ डॉलर. २५ डॉलर जास्त मोजून इंग्रजीतल्या परीक्षेची भीती मोडते. आणि हे विसरू नकोस : इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ३० मिनिटं जादा मिळतात, पण ती नोंदणी करण्याआधी मागावी लागतात. असोसिएटला ६५ प्रश्न आणि १३० मिनिटं असतात, तुला १६० मिळतील. सराव करताना खात्यात बजेटचा अलर्ट आधी लाव. मशीन चालू राहिलं की बिल थेट कार्डावर येऊ शकतं.

कर धरूनही हे सगळं वीस हजारांच्या आसपास बसतं. क्लासवाल्यांना एकच विचार : प्लेसमेंट झाली नाही तर पैसे परत, हे लेखी देता का? आणि कुणी 'डंप', म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न, दिले तर हात लावू नकोस. पकडलं गेलं तर निकाल रद्द होतो. नाही पकडलं तरी माझ्यासारखं कुणीतरी समोर बसलेलं असतंच.

प्रश्न : मुलीसाठी २०१४ मध्ये मॅन्युअल टेस्टिंगची नोकरी सोडली. तेव्हा केलेलं आयएसटीक्यूबी फाउंडेशन (टेस्टिंगचं सर्टिफिकेट) आता पुन्हा करावं लागेल का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : नाही, त्याला मुदत नसते. मात्र अभ्यासक्रम २०२३ मध्ये बदललाय. नवा फुकट उतरवून घ्या, एकदा पूर्ण वाचा. परीक्षेचे पैसे आणि वेळ वाचलाय, तो वेळ ऑटोमेशनला, म्हणजे स्क्रिप्ट लिहून आपोआप टेस्टिंग करायला, द्या. वेबसाइट तपासणाऱ्या सेलेनियम या टूलपासून सुरुवात करा. पहिली स्क्रिप्ट आपल्या वीजबिलाच्या साइटवर नको, सरावासाठीच बनवलेल्या साइट असतात, तिथे लिहा. अडलं तर पुन्हा पत्र पाठवा.